शेपटीवरचे आकडे

न्यायाधीश विचारतात, ही माणसं नक्की करतात काय?
एव्दोकिया कठड्याजवळ उभी.
एरवी ती जमिनीचे व्यवहार, परदेशी नवऱ्यांचे घटस्फोट
इंग्रजीतून ग्रीकमध्ये नेऊन ठेवते.
आज चार इंग्रज. थोरला डेरिल थॅकरे,
बसच्या गॅरेजातून निवृत्त, गुडघा बदललेला,
अकरा दिवस कोठडीत, त्याच स्वेटरात.

तो म्हणतो, विमानाच्या शेपटीवर आकडा असतो.
तो आम्ही वहीत लिहितो.
मग?
मग घरी जाऊन दुसऱ्या वहीत, शाईने.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

अशा माणसांना त्यांच्या गावी जे म्हणतात
त्याला तिच्या भाषेत शब्द नाही.
जवळपास जाणारा एकच आहे, आणि त्याचा अर्थ हेर.
तो ती ओठांवरून परत गिळते,
म्हणते, छंद.
सरकारी वकील पुरावा क्रमांक सहा उचलतो.
छंदाला शिडी लागते, बाई?
घडीची शिडी, कुंपणापाशी सापडलेली,
वरच्या पायरीला सँडविचचा कागद चिकटलेला.

खरं तर त्या रविवारी तळाचं फाटक सताड उघडं होतं.
फुगे होते, बँड होता, भाजलेले चेस्टनट.
लढाऊ विमानाच्या चाकापाशी
अख्ख्या गावाने आपापली पोरं उभी करून फोटो काढले.
या चौघांच्या फोटोंत
नुसतं विमान.
माणूस नसला की फोटोला वास येतो.

वही तिच्या हातात देतात. वाचा.
सात चार शून्य.
सात चार एक.
सात चार दोन, पुढे प्रश्नचिन्ह.
सात चार तीन, पुढे लिहिलंय, ढग.

आणि तिला बाबांची गॅलरी आठवते,
बंदराकडे तोंड केलेली प्लास्टिकची खुर्ची,
येणाऱ्या प्रत्येक बोटीचं नाव, वेळ, झेंडा
किराणाच्या वहीत, मागच्या पानापासून उलटं.
कशाला हे, आई विचारायची.
आली होती ना, बाबा म्हणायचे.
त्या वह्या तिनेच टाकल्या. ओल आली होती.

पुढे वाचा.
सात चार चार, ती म्हणते,
समोर बरोबरची खूण.
म्हणजे काय?

थॅकरेला न विचारताच ती सांगते,
दिसलं.

कारकून मान वर न करता टिपून घेतो
तारीख, वेळ,
आरोपी क्रमांक एक ते चार.