चढलं कोण

चात्तुकुट्टींना पणजीत आणलं होतं
चाळीस वर्षांच्या अभिनयासाठी शाल द्यायला.
मी ड्रायव्हर. गाडीला महोत्सवाचा स्टिकर.

सकाळी म्हणाले, ताडी काढणारा दाखव.
हिंदी त्यांची अडखळत, माझी त्याहून.
साळगावला नेलं, कायतानच्या भाटात.
तो माडावर होता, कमरेला काती, पाठीशी भोपळा.

उतरला तेव्हा सांगितलं: हे मोठे नट,
पडद्यावर तुझंच काम केलंय,
त्याचंच पोस्टर मांडवीच्या काठाला.

कायतानने त्यांचे तळवे पाहिले,
मग पोटऱ्या.
"चढलं कोण?"

मी भाषांतराला कचरलो. त्यांना कळलंच होतं.
"दुसरा. मी फक्त उतरल्यानंतरचा चेहरा."
मग बराच वेळ मल्याळममध्ये, माडाशीच.
मला एक शब्द कळला, अच्छन, म्हणजे बाप,
आणि हाताने दाखवलेली उंची,
आणि तो हात एकदम खाली.

कायतानने सूर पुढे केली. माशी तरंगत होती.
त्यांनी ती बोटाने काढली
आणि प्याले.

संध्याकाळी सगळं थिएटर उभं राहून टाळ्या.
मी मागच्या दाराशी.
पडद्यावर ते माडावरून उतरत होते:
आधी पाय, दुसऱ्याचे,
मग चेहरा.