गार झाल्यावर सोलायचं

अशोक चौकातल्या आमच्या गाळ्यात
लोखंडी ओठांचं एक मशीन आहे.
एकशे पंचावन्न अंश, पंधरा सेकंद.
बाहेर एप्रिलचे त्रेचाळीस,
त्याला आम्ही गारवा म्हणतो.

आधी कोऱ्या टीशर्टला नुसताच चटका,
सुतात दडलेली ओल
वाफ होऊन निघून जावी म्हणून.
एवढ्या एका गोष्टीला नायना मान हलवतो.
'कापूस पाणी पितो,
हे तुझ्या मशीनलाही कळतं म्हणायचं.'
मग खुर्ची दाराकडे ओढून बसतो.

चाळीस वर्षं त्यानं जेकॉर्डवर चादरी विणल्या.
मोराचा पिसारा धाग्यातूनच उगवायचा,
वरून कुणी आणून ठेवायचा नाही.
माझ्या कामाला तो डकवणं म्हणतो,
पोरं वहीत चित्रं डकवतात तसं.
मी वाद घालत नाही.
त्याच्या डोक्यावरचा पंखा
डकवण्यावरच फिरतो.

कुंभारीच्या पोरींची ऑर्डर होती.
कबड्डीचा संघ, बारा टीशर्ट,
शुक्रवारी पहाटे बार्शीला निघायचं.
बागवान, कस्तुरे, गुंडेटी, यलगुलवार,
आणि कॅप्टन बिराजदार, नंबर सात,
तिचं नाव पाठीवर आणि छातीवरही.
पैसे मोजता मोजता म्हणाली,
'गुंडेटीचा टिंब तेवढा सांभाळा.
मागच्या वर्षी बिचारी गुडेटी म्हणून खेळली.'

व्हिनाइलवर नाव उलटं कापायचं असतं,
आरशातल्यासारखं.
मग आकड्यानं नको ते उचकटायचं:
कडांची पट्टी, ब च्या पोटातला तुकडा,
द च्या शेपटीजवळची कपची.
टिंब तिळाएवढा.
नखाला चिकटून गेला
की गुडघ्यांवर बसून फरशी शोधायची.
मी शोधली.
सापडला, नायनाच्या चपलेला.

अकरा वाजता लाइट गेली.
मशीन मिटलेलं, आत कस्तुरे,
सेकंद कितीवर थांबले कुणास ठाऊक.
मी दांडा वर केला
आणि चाचपडत वरचा कागद ओढला.
'आगु,' अंधारातून नायना म्हणाला.
आमच्या घरी थांब म्हणजे आगु.
तोवर कस्तुरेचा क
निम्मा माझ्या बोटांना चिकटला होता.

'गार होऊ दे. मग सोल.
ऊन असताना कुठलीच गोष्ट
कापडाची झालेली नसते.'
एवढं बोलून तो शर्टाच्या खिशात
काड्यापेटी शोधत राहिला.

लाइट आली तेव्हा
उरलेल्या पट्ट्या त्याच्या मांडीवर होत्या.
उलटी अक्षरं तो वाचत होता, न अडखळता,
पेपर वाचावा तशी.
मला तोवर माहीत नव्हतं.
चादरीवर विणलेलं नाव
गिऱ्हाइकाला पुढून दिसतं,
हा चाळीस वर्षं मागून वाचत आला होता.

बागवान, बरोबर.
यलगुलवार, बरोबर.
गुंडेटी, टिंबासकट.
एका पट्टीवर बोट थांबलं.
'हे सुलटं आहे,' म्हणाला,
'म्हणजे चुकलंय.'

बिराजदार.
छातीवरचं तर डकवूनही झालं होतं.
मी टीशर्ट उलगडून दिव्याखाली धरला.
अक्षरं पाठमोरी उभी,
वेलांट्या भलत्या बाजूला झुकलेल्या,
जणू सगळं नाव
आल्या वाटेनं परत निघालंय.

नवा टीशर्ट काढला, नवी पट्टी कापली.
या वेळी पंधरा सेकंद त्यानं मोजले,
तेलुगूत, मोठ्यानं,
आणि नंतर थंड व्हायला
किती वेळ, ते मोजलंच नाही.
कागदावर पालथा हात ठेवून बसला.
मी दोनदा विचारलं.
तिसऱ्यांदा त्यानंच कोपरा उचलला.

पोरी पहाटे येऊन घेऊन गेल्या.
जिंकल्या की नाही, अजून कळलेलं नाही,
शंभर रुपयेही यायचे आहेत.

वाया गेलेला टीशर्ट
मी मशीन पुसायला ठेवला होता.
नायना तो घालतो.
परवा दाढी करायला गेला,
तर न्हाव्यानं समोरच्या आरशात पाहिलं,
छातीवर स्वच्छ सरळ: बिराजदार ७.
'मालक, ही कोण?'

गालाला फेस होता,
नायनानं हनुवटी जराशी वर केली.
'चढाई करते,' म्हणाला.