मिंगेल पोदेर, गोलकीपर

रात्री अडीचला असोळण्याच्या आमच्या टोकाला
दोनच दिवे:
एक मिंगेल पोदेराच्या भट्टीचा,
दुसरा आमच्या टीव्हीचा.
पोरगा लिव्हरपूलची लाल जर्सी घालून
उशीत तोंड खुपसून ओरडतो,
आई उठू नये म्हणून.
मी जागीच असते.

पहाटे मिंगेलची सायकल. पों पों.
पाच उंडे, दोन काकणं मोजता मोजता विचारतो,
"जिंकले रे तुझे?"
रविवारी आपली फायनल आहे
हे काही तो सांगत नाही.

रविवार.
कापलेल्या शेतात चुन्याच्या रेषा,
भाताचे खुंट अजून टोचतात.
बघायला आम्ही एकोणतीस, आणि एक म्हैस.
मिंगेलच्या भुवईत मैदा.
पंधराव्या मिनिटाला
बॉल त्याच्या पायांमधून गेला,
सरळ, चालत गेल्यासारखा.

गोलामागून माझा पोरगा उठला, त्याच लाल जर्सीत,
आणि मिंगेलच्या आज्यापणज्यांपर्यंत पोचेल
अशी शिवी हासडली.
मिंगेलने वळून तेवढीच लांब परत केली.

मग दोघं उकिडवे बसून
फाटलेल्या जाळीला सुंभाची गाठ मारू लागले.
रेफ्री शिट्टी फुंकत होता,
कोण ऐकतंय.