विसावा थेंब

बत्तीस वर्षं रावपुऱ्याच्या शाखेत
मी नोटा मोजल्या.
रोकड जुळल्याशिवाय खिडकी सोडली नाही कधी.
एकदा अकरा रुपयांसाठी
रात्री नऊपर्यंत बसले होते.

तशीच बसते आता सयाजीत, तिसऱ्या मजल्यावर,
कुमुदच्या बाटलीतले थेंब मोजत.
मिनिटाला वीस.
तिचं बोट सुजलं म्हणून अंगठी कापावी लागली,
ते दोन तुकडे माझ्या रुमालाच्या गाठीत.
वाटतं, मी डोळे मिटले
की तेवढ्यात कुणीतरी
हिला खात्यातून वजा करेल.

देवाशी बोलणं म्हणावं असं होत नाही.
मामींनी दिलेली भंडाऱ्याची पुडी
पर्समध्ये आहे, आधार कार्डाच्या मागे.
एवढंच विचारते: तुझ्याकडे काही नोंद आहे का?
बाबांचं सात वर्षांचं अंथरूण
हिनं एकटीनं काढलं, ते कुठे लिहिलंयस?
त्याच्या खिडकीवर पाटी असते,
जेवणाची सुट्टी.

पुलाखाली विश्वामित्री. दिवसा काठावर मगरी पडलेल्या,
जबडा उघडा, डोळा अर्धा.
कुणी म्हणतं झोपल्यात, कुणी म्हणतं टपल्यात.
पुलावरून कळत नाही.

सातव्या रात्री शेजारच्या बाकड्यावरची,
पादऱ्याची जीवीबेन
(तिचा नातू आत, भाजलेला)
माझ्याकडे न बघताच म्हणाली,
"बेन, तमे सूई जाव. हुं जागुं छुं."

जन्म इथे गेला, गुजराती मला घरच्यासारखी.
पण हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं.
मराठीतसुद्धा.

म्हटलं, थेंब मोजायचेत.
ती म्हणाली, मोजता येत नाही मला,
पण रिकामं झालेलं ओळखते.

तिच्या शालीला शेण-धुराचा वास होता.
टेकले.
सतरा, अठरा,
एकोणिसावा पडलेला आठवतो.
विसावा
मी पाहिला नाही.

सकाळी कुमुद होती तशीच. रिपोर्टही तसाच.
बाटली मात्र नवी,
कुणी बदलली, विचारलं नाही.
जीवीबेन नळावर तोंड धूत होती.
पुडी सोडली, कुमुदच्या कपाळाला बोट लावलं,
मग उरलेलं बोट माझ्याच कपाळाला पुसलं.

कालच्या रात्रीचा
एक थेंब कमी भरतो आहे.
असू दे.