भिंतीचं पोट

तिसऱ्यांदा पडला दांडा,
पडद्यासकट, कड्यांसकट,
दुपारी दोनच्या सुमारास,
रात्रपाळी करून मी झोपले असताना.
स्विंडनचं जूनमधलं ऊन
थेट पापण्यांवर.
उशीवर पांढरी भुकटी.
स्क्रू शाबूत, गिट्टी शाबूत,
फक्त त्यांच्याभोवतीची भिंत
तेवढी उरली नव्हती.

भिंतीला कान असतात असं ऐकून होते.
हिला नुसतं पोट,
तेही उपाशी.

संगमनेरला अण्णा खिळा ठोकायचे
तेव्हा काळ्या दगडातून ठिणग्या उडायच्या.
खिळा वाकायचा. अण्णा तो उंबऱ्यावर ठेवून
हातोडीने सरळ करायचे,
पुन्हा ठोकायचे, पुन्हा वाकायचा.
मला वाटायचं, आत शिरणं तेवढं अवघड.
आत शिरणं सोपं असलं
तर पुढे काय करायचं,
हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

शेजारचा ग्लिन प्रॉसर आला सपाता घालूनच.
चाळीस वर्षं प्लास्टर केलेले हात,
डाव्या कानात यंत्र.
उजवा कान भिंतीला लावून
वाकवलेल्या बोटाने वाजवत निघाला खिडकीच्या कडेने.
ढब. ढब. ढब.
मी छातीचे एक्स-रे काढते,
हे वाजवणं मला ओळखीचं आहे.
आमचे जुने डॉक्टर असेच बोटावर बोट आपटतात
आणि फिल्म बघण्याआधीच
चेहरा पाडतात.

टक.

‘इथे लाकूड,’ ग्लिन म्हणाला.
मग फ्रिजवरून पिझ्झावाल्याचं चुंबक आणून
भिंतीवरून हळूहळू फिरवलं.
ते घसरत घसरत गेलं
आणि एका जागी अडून बसलं,
रंगाखाली न दिसणाऱ्या स्क्रूच्या डोक्यावर.
साठ सेंटिमीटरवर दुसरं.
पुढे तिसरं.
पण मला जिथे आधार हवा होता
त्या कोपऱ्यात ढबच.

‘पडदा कसा ओढतेस, दाखव.’
दांडा खाली पडलेला, तरी मी
हवेतच ओढून दाखवला.
त्याने तोंड वाकडं केलं.
‘वजनाचं काही नाही.
झटका नडतो.’
मी काही बोलले नाही.
पहाटे चार वाजता टेबलावर जे येतं
त्याचा झटका कुठेतरी उतरणारच.

दोन मीटरची फळी आणली त्याने,
भिंतीच्याच रंगाची, आदल्या रात्री रंगवून.
तीन लाकडांत लांब स्क्रू,
फळीवर दांड्याचे आधार.
‘एका टिंबावर भार टाकू नये,’ एवढंच म्हणाला,
तेही स्क्रू ओठांत धरून.

आणि फळीचं जे टोक अधांतरी होतं
तिथे स्प्रिंगचे पंख मिटून
बोल्ट भोकातून आत सारला.
आत, आपल्याला न दिसणाऱ्या अंधारात,
खट्‌कन पंख उघडल्याचा आवाज.
मी हात लावून पाहिलं.
भिंतीने मागून घट्ट धरलं होतं.

‘आता हा बोल्ट पुरता काढू नकोस,’ ग्लिन म्हणाला.
‘काढलास तर पंख आत पडतील.
परत मिळायचे नाहीत.’
चहाला थांबला नाही.
चुंबक मात्र खिशात टाकून गेला,
दुसऱ्या दिवशी दाराखालून सरकवलं.

आता भर दुपारी खोलीत काळोख असतो,
मऊ, अंगाबरोबरचा.
मी पडदा दोन्ही हातांनी ओढते,
साडीच्या निऱ्या सरकवाव्यात तशी.
कधी रागात असले तर
आधी जिन्यात बसून बूट काढते,
मग वर जाते.

घर भाड्याचं. कधीतरी सोडावं लागेल.
फळी काढीन, भोकं बुजवीन,
अनामत रक्कम परत मागीन.
भिंतीच्या पोटात तळाशी
दोन पंख पडलेले असतील.
नंतर येणारी एखादी
आपल्या पडद्यासाठी भिंत वाजवून पाहील,
कान लावील,
ढब, ढब,
आणि जोरात वाजवलंच
तर खाली कुठेतरी
बारीकसं किणकिण.