यल्लरबीला गेला

पंचायतीतनं फॉर्म आलाय.
गावाचं नाव. वस्ती. गावाचा इतिहास, दहा ओळींत.
पाठीमागं एकच रकाना : गावाची खास ओळख.
निवृत्त मास्तर म्हणून माझ्या गळ्यात.

गाव चिंचहिप्परगी, सीनेच्या अलीकडं.
निम्मं नाव मराठी, निम्मं कानडी,
भांडण कुठल्या भाषेत करायचं
ते समोरच्याच्या आवाजावर ठरतं.

पहिली ओळ वीरगळाला द्यावी म्हटलं.
खाली गाई, मधे तलवार, वर लिंगापुढं हात जोडून बसलेला.
गुरांपायी मेला, एवढं कळतं.
नाव होतं तिथं वरच्या आळीनं
चार पिढ्या धुणं आपटलं.
विद्यापीठातनं एक पोरगी आली मध्ये,
ओला कागद चिकटवला, ब्रशनं थोपटला, सोलून घेतला.
म्हणाली, "दोन अक्षरं लागतात, सर. बाकी साबण."

दुसरी ओळ तळ्याची.
अठराशे शहात्तरच्या दुष्काळात
मूठभर जोंधळ्यावर खडी फोडून
आमच्या खापरपणज्यांनी बांधलेलं.
आता त्यात क्रिकेट चालतं.

बांधावर साहेबाचं थडगं आहे.
साहेब कसला, कामावरचा ओव्हरसियर,
सव्विसाव्या वर्षी पटकीनं गेला.
त्याच आठवड्यात मजूर किती गेले, मोजले नाहीत.
त्यांना दगड नाही
म्हणून गावानं सगळ्यांचा मिळून हाच एक धरला.
अमावस्येला नारळ फुटतो, कुणाच्या नावानं ते विचारत नाहीत.

दगडावर इंग्रजीत : वॉल्टर पिम, राहणार एल्डरबी.
माणसाचं नाव जिभेवर टिकलं नाही. गावाचं टिकलं.
एल्डरबीचं यल्लरबी झालं.
हुसेनबी मुजावरची आजी सांगायची, ती त्याची बायको.
रेवणप्पा म्हणायचा, छे, रोगाचं नाव ते.

पण बोलण्यात शिरलं.
भिवंडीला मागावर गेलेला नरसय्या
दोन दिवाळ्या फिरकला नाही : यल्लरबीला गेला.
उसनी नेलेली शिडी. नकाशातला रस्ता. बोअरचं पाणी.
बांगड्या भरून येते म्हणून निघालेली गंगव्वा,
तिच्याबद्दल मात्र हळू आवाजात.
धाकट्याचा पुण्याहून फोन आला की ही विचारते,
"कुठनं बोलतोस? यल्लरबीतनं?"
तो हसतो. ही हसत नाही.

नातीनं परवा मोबाईलवर ते गाव काढलं.
खरंच आहे.
चारशे वस्ती. देवळाचा मनोरा जरा कललेला.
एक तळं, बदकांचं. एसटी दिवसातनं दोनदा.
शाळा बंद, पोरं पुरेना म्हणून.
कधीकाळी लोकरीचा धंदा होता, आता काही नाही.
ही कडक भाकरी मोडून दह्यात टाकत होती,
म्हणाली, "मग आपलंच की."

रात्री झोप लागेना.
तिथं एखाद्या दारात बाप वाट बघून थकला असेल,
पत्र आलं असेल, त्यात एका गावाचं नाव,
वाचता न येणारं.
मग पुढं मेंढी हरवली, विळा हरवला, पोरगी निघून गेली,
तर म्हणत असतील का तिथल्या म्हाताऱ्या,
"सोलापूरला गेली"?

नसतील.
त्यांच्याकडं दगड कुठाय.
आपल्याकडं आहे, आणि त्याच्यावर
कुणी धुणं नेलं नाही कधी,
मेलेल्याचा दगड म्हणून.
वीरगळ कुणाचा होता मग,
हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

दहा ओळींत मावेना. खोडलं.
इतिहास : गाव प्राचीन आहे.
खास ओळख : मालदांडी ज्वारी.
ग्रामसेवक सायगावकर येऊन फॉर्म घेऊन गेला, सही घेतली,
म्हणाला जिल्ह्याला पाठवतो, पोच येईल.

तिसरा महिना चाललाय.
पोच नाही.