विषय क्रमांक सात

खारेगावच्या आमच्या सोसायटीची सभा,
गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत.
कोरमअभावी अर्धा तास तहकूब,
मग त्याच जागी, तेवढ्याच माणसांत पुन्हा सुरू.

इतिवृत्त मी लिहितो.
अक्षर चांगलं आहे म्हणतात.
बत्तीस वर्षं पालिकेच्या हजेरी शेडवर
हेच अक्षर होतं.

विषय क्रमांक सात :
घरकामाला येणाऱ्या बायकांना
महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या,
दिवाळीला एक जादा पगार,
आणि तळमजल्यावरचा कुलूपबंद संडास
त्यांच्यासाठी उघडणे.
प्रभाग समितीचं पत्रच आलंय तसं,
वर ठळक अक्षरांत : आवाहन.

आवाहन म्हणजे सक्ती नव्हे, टिपणीस म्हणाले.
बरोबर आहे त्यांचं.
चार दिवस भांडी कोण घासणार, कुणीतरी विचारलं.
माझी बायको हसली तेवढी.

बेबी हिलम जिन्याच्या तोंडाशी उभी.
तिला खुर्ची द्यायची की नाही
हे विषयपत्रिकेत नव्हतं.

तिची आई शेवंता काळू हिलम,
वागळे इस्टेटच्या शेडवर, कंत्राटी झाडू.
सत्तावीस दिवस यायची, मस्टरवर एकोणीस.
कंत्राटदार पेन्सिलीनं टिंबं देऊन ठेवायचा,
मी त्यांवरून शाई फिरवायचो.
सुवाच्य.
अंगठा उमटायचा नाही तिचा धड,
रेषाच झिजलेल्या.
"बराबर हाय ना, सायेब?"
"हो," म्हणायचो मी,
आणि पुढचं नाव पुकारायचो.

आठ गुणिले बारा गुणिले अकरा वर्षं.
हा गुणाकार मी निवृत्तीनंतर
विजेच्या बिलामागे केला होता एकदा.
मग ते बिल भरायला दिलं.

मतदान झालं. बाजूने दहा, विरुद्ध नऊ.
टिपणीसांचा हात कानापाशी होता,
वर की खाजवायला, ते विचारावं लागलं.
"धरा बाजूने," म्हणाले.

ठराव बहुमताने मंजूर.
शाईनं लिहिला, पेन्सिल न लावता,
आणि वही बेबीकडे फिरवली.
चौथी शिकलेली ती.
बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचत गेली.
गच्चीवर खुर्च्या घड्या घालायला सुरुवात झाली होती.

मला वाटलं, विचारेल आता,
बराबर हाय ना.

"किल्ली कुणाकडं ऱ्हायची,"
ती म्हणाली,
"ते नाय लिवलं."